माळावरची सकाळ: सोलापुरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा निसर्गवर्ग कसा चालवायचा

आमच्या जागेवर दोन जुने लिंब आहेत, एक चिंच, बांधाला चार-सहा बोरी-बाभळी, मधे मुरमाचा उतार आणि खालच्या अंगाला गुडघाभर खोलीची कोरडी नाली. एवढंच. तिथं आठवड्यातून दोन दिवस, सकाळचे अडीच तास, तीन ते सहा वर्षांची पंधरा मुलं येतात. आपणही असं काही सुरू करावं म्हणून बघायला येणाऱ्या बालवाडीच्या ताया जागा पाहून थोड्या हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांपुढं कोकणातली नाहीतर महाबळेश्वरची झाडी असते.

इतक्या लहान मुलाला दाट झाडी लागत नाही, तीच ती जागा लागते. जुलैत ज्या खड्ड्यात पाणी होतं तो डिसेंबरात कोरडा पडलेला आणि मार्चमध्ये भेगाळलेला त्याच मुलानं बघितला पाहिजे. दर आठवड्याला नवी बाग, नवा तलाव केला तर मुलं गाडीत बसायला शिकतात, बाकी फारसं काही नाही. म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं धरून चला: एक जागा निवडा आणि वर्षभर ती सोडू नका.

ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. अंगणवाडी या शब्दात अंगण आहे ते तिथून. आज आपल्या बहुतेक बालवाड्या पत्र्याच्या एका खोलीत भरतात. अंगण परत मिळवण्यासाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

जागा कशी निवडाल

जागा पक्की करण्याआधी तिथं वर्गाच्या वेळेला, म्हणजे साडेसात ते दहा, आठ दिवस नुसतं जाऊन बसा. संध्याकाळी बघितलेली जागा फसवते. सकाळची सावली झाडाच्या पश्चिम बाजूला पडते आणि नऊनंतर झपाट्यानं आखडते. साडेनऊला पंधरा मुलं दाटीवाटी न करता बसतील एवढी सावली उरते का, हे डोळ्यांनी बघा. सोलापुरात सावली नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. लिंब आणि चिंच ही आपल्याकडची सगळ्यात भरवशाची झाडं. वेड्या बाभळीची सावली विरळ आणि काटा वाईट, तिच्याखाली वर्ग नको.

मग वर बघा. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा जवळच्या इमारतीच्या सज्जाला आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडा. मोहोळ काढून टाकू, असा विचारही नको, कारण मधमाश्या पुन्हा तिथंच येतात. वाळलेल्या फांद्या असतील तर मालकाला सांगून उतरवून घ्या.

मग आजूबाजूला. कठडा नसलेली विहीर, शेततळं किंवा मुरूम काढलेला खड्डा हाकेच्या अंतरावर असेल तर तिथं वर्ग भरवू नका, कितीही छान सावली असली तरी. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेजारी डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग असेल तर बागवानाकडून फवारणीचे दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी वर्ग ठेवू नका. औषधांच्या रिकाम्या बाटल्या बांधावर फेकलेल्या असतात, त्या मुलांच्या हाती लागतात, म्हणून बांध आधी फिरून बघायचा.

शहरात राहणाऱ्यांना शेत मिळेलच असं नाही. शाळेमागचं पडीक मैदान, महापालिकेची एखादी शांत बाग, एखाद्या मठाच्या आवारातली चिंचेची सावली, यातलं काहीही चालतं. विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारासारख्या वन विभागाच्या जागेत नेमानं जायचं असेल तर आधी लेखी अर्ज करा. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परग्याचा तलाव इथं पक्षी बघायला वर्षातून एकदा पालकांसोबत जावं, पण पाण्याचा काठ हा नेहमीच्या वर्गाची जागा होऊ शकत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचंही तसंच. १९७९ पासून ते संरक्षित आहे. तिथले माळावरचे कितीतरी पक्षी गवतात, उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि पंधरा मुलं तिथं मोकळी सोडणं त्या पक्ष्यांवर अन्याय आहे. काळवीट बघायला मुलांना आई-वडिलांनी घेऊन जावं.

मालकाशी बोलणी तोंडी झाली तरी एक साधा कागद लिहून घ्या: कोणते दिवस, किती वेळ, माती उकरली तर चालेल का, कोणती झाडं-पिकं हात लावायची नाहीत. आमच्या जागेच्या काकांनी एकच अट घातली होती, बांध उकरायचा नाही. मुलांनी ती इतक्या वर्षांत मोडली नाही, कारण ती त्यांना काकांनी स्वतः येऊन सांगितली होती.

वर्षाची आखणी

माझी पहिली चूक म्हणजे मी वर्ग फेब्रुवारीत सुरू केला. मुलं जागेला सरावली तोवर मार्चचा मध्य आला, नऊ वाजताच जमीन तापायला लागली आणि मला वर्ग बंद करावा लागला. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्यामुळे सुरुवात जूनच्या शेवटी, पहिला पाऊस पडून गेल्यावर करा. मार्चमध्ये वेळ सातवर आणा आणि साडेआठला मुलं घरी पाठवा. एप्रिल-मे सरळ सुट्टी.

आपल्याकडं पावसाचा खरा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. जून-जुलैची भुरभुर मुलांना बाहेर ठेवायला उत्तम. पहिल्या पावसानंतर मृगाचे मखमली किडे निघतात, लिंबाखाली लिंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. ऑगस्टात काळ्या मातीचे बैल करायचे, पोळ्याच्या आधी निदान तीन वेळा, कारण पहिल्या दिवशीचे बैल वाळताना तडकतात आणि ते का तडकले हे मुलांनी स्वतः शोधायचं असतं. नवरात्राच्या सुमाराला माळावर तरवड पिवळाधमक होतो, घटाच्या माळेसाठी तीच फुलं लागतात, त्यामुळे घरात आणि माळावर एकच फूल भेटल्याचा आनंद मुलांना होतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मला सगळ्यात अवघड काळ वाटतो. गवत वाळतं आणि कुसळं पायमोज्यांत, चड्डीच्या नाडीत, सगळीकडं शिरतात. सराटे पिकतात. त्या दोन महिन्यांत मुलांना गुळगुळीत सुती कापडाची पूर्ण पँट आणि जाड तळव्याचे बूट लागतात. लोकरी मोजे अजिबात नकोत.

मग थंडी येते आणि सोलापूरचे सोन्यासारखे दिवस. बोरं, ज्वारीचा हुरडा, हरभऱ्याच्या घाट्यांवरची आंब, भोरड्यांचे थवे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला ओळखीच्या शेतात जेवायचं आमंत्रण आपणहून मागून घ्या. भज्जी आणि आंबील खात शेतात बसलेली मुलं महिनाभर त्याबद्दल बोलत असतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातून ये-जा कठीण होते, तो आठवडा आम्ही सोडतो.

माणसं

तीन-चार वर्षांच्या पाच मुलांमागं एक मोठं माणूस, पाच-सहा वर्षांच्या सात-आठ मुलांमागं एक. मिश्र गटात आम्ही पंधरा मुलांना तीन माणसं ठेवतो: एक ताई, एक मावशी आणि आळीपाळीनं येणारी एक आई किंवा आजी. तिघांपैकी कोणी आलं नाही तर त्या दिवशी वर्ग नाही. दोघी सांभाळून घेऊ, असं म्हणायचं नाही. एक मूल पडलं, त्याला घेऊन एक माणूस दवाखान्यात गेलं, तर चौदा मुलांपाशी एकच उरतं.

कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत नजरेआड एकटं राहणार नाही, हा नियम पालकांना आणि मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगा. तिघींपैकी निदान एकीनं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. आणि एक गाडी, चालवणाऱ्या माणसासह, जागेवर उभी पाहिजे.

आजीला बोलावण्याचा मी आग्रह धरते. आमच्याकडच्या एका अज्जीनं पहिल्याच दिवशी आघाडा, दुर्वा, टाकळा, तरोटा ओळखून दाखवला आणि टाकळा-तरोटा एकच, हेही तिनंच सांगितलं. पुस्तक वाचून आलेल्या मला ते माहीत नव्हतं.

पालकांची बैठक

वर्ग सुरू होण्याआधी एक बैठक जागेवरच घ्या, सकाळी, मुलांसकट. हॉलमध्ये घेतलेल्या बैठकीत भीतीच जास्त बोलते. जागा बघितली की प्रश्न नेमके होतात.

आयांचे आणि आज्यांचे प्रश्न ठरलेले: ऊन लागेल, माती खाईल, सर्दी होईल, कपडे खराब होतील. कपड्यांबद्दल आधीच स्पष्ट सांगा: जुने कपडे घाला, ते मळणारच, आणि मळलेल्या मुलाला घरी गेल्यावर रागावायचं नाही. एकदा रागावलेलं मूल पुढं महिनाभर मातीला बोट लावत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. इतर काळज्या खऱ्या आहेत, त्यांना हसू नका. तुम्ही पाणी कधी पाजता, टोपी कुणाकडं असते, गाडी कुठं उभी असते, हे दाखवा.

एका कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी: कशाची ॲलर्जी आहे का (शेंगदाण्याबद्दल मुद्दाम विचारा, सोलापूरच्या डब्यात शेंगा असतातच), दमा, फिट येण्याचा त्रास, चालू औषधं, दोन फोन क्रमांक, मुलाला न्यायला कोण येणार, फोटो काढले तर चालतील का. लसीकरणाचं कार्डही बघा. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर झालाय ना, धनुर्वातासाठी ते महत्त्वाचं.

आणि घरी कोणती भाषा बोलतात हे विचारा. सोलापुरात एका गटात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं सहज असतात. आमच्याकडं मुंगी दिसली की चार हाका उठतात: मुंगी, इरुवे, चीमा, चिंटी. बंद वर्गात गप्प बसणारं तेलुगू घरातलं मूल इथं पहिल्यांदा बोलतं, कारण त्याच्याकडं चीमा असते आणि बाकीच्यांना ती हवी असते. ताईनं तो शब्द स्वतःही म्हणायचा.

पिशवीतलं सामान

कमी न्या. जुन्या वाट्या, पळ्या, पत्र्याचे डबे, दोन-तीन बादल्या, सुतळी, जुन्या साड्या, चार बहिर्गोल भिंगं, मुलांच्या हाताला बेतलेली पाच खुरपी. बसायला ताडपत्री आणि वर सतरंजी. आपली चादर ऊबदार खरी, पण ओली झाली की उचलत नाही. पंचे मात्र भरपूर घ्या, ओला पंचा मानेवर ठेवला की मूल लगेच ताजंतवानं होतं. प्लास्टिकची खेळणी, छापील चित्रं, कार्डं यातलं काहीही नको. ती आणली की मुलं त्यांच्याभोवतीच बसतात.

प्रथमोपचार पेटीत चिमटा, साबण, स्वच्छ पट्ट्या, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, आणि प्रत्येक मुलाच्या कागदाची प्रत.

आणि पाणी. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशीच साठवून ठेवावं लागतं. पिण्याचं घरून, प्रत्येक मुलाच्या बाटलीत, शिवाय वीस लिटरचा एक जार. खेळायला आणि हात धुवायला वेगळं. खेळायच्या पाण्याच्या बादल्यांना लाल सुतळी बांधा, म्हणजे त्यातलं कुणी पिणार नाही.

सकाळ कशी जाते

मुलं येण्याआधी अर्धा तास मी आणि मावशी जागेवर असतो. काठीनं गवत आपटत एक फेरी, दगड उलटून विंचू बघणं, काचा-बाटल्या उचलणं, झाडाकडं नजर. भटकी कुत्री असतील तर त्यांच्या सोबत पिल्लं आहेत का ते बघायचं, पिल्लंवाली कुत्री असली की त्या बाजूला मुलं जाणार नाहीत. खेळण्याची हद्द जुन्या साड्यांच्या चिंध्या झाडांना बांधून दाखवतो. मुलांना हद्द चालत दाखवायची, तीही दर वेळी. सांगून समजत नाही, चालून समजतं.

साडेसातला मुलं येतात. हजेरीला आम्ही दगड वापरतो: प्रत्येकानं आपला दगड उचलून लिंबाखालच्या रिंगणात ठेवायचा, जाताना परत न्यायचा. दगड मोजले की मुलं मोजली. मग एखादं गाणं, दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर सव्वा तास मोकळा खेळ. नऊच्या सुमारास हात धुऊन खाऊ. मग सावलीत गोष्ट किंवा आज काय सापडलं ते दाखवणं. पावणेदहाला आवराआवर, दहाला घरी.

त्या सव्वा तासाबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळा वर्ग त्यातच आहे आणि बहुतेक ताया तोच वेळ वाया घालवतात. आपण बालवाडीत इतकं बोलत आलेलो असतो की मुलं गप्प दिसली की आपल्याला काहीतरी शिकवावंसं वाटतं. 'हे कोणतं पान आहे सांगा बरं? रंग कोणता?' असं विचारलं की मूल पान टाकून आपल्याकडं बघतं. त्याचं लक्ष पानावर होतं, ते आपण काढून घेतलं.

एका सप्टेंबरात रात्री मोठा पाऊस झाला होता. सकाळी उघडीप होती, वरच्या बाजूला पुन्हा पाऊस नाही याची खात्री करून आम्ही मुलांना नालीत उतरू दिलं. बोटभर पाणी वाहत होतं. पाच मुलांनी मुरमाचा बांध घातला. पाणी खालून झिरपून गेलं. त्यांनी आणखी मुरूम आणला, दगड आणले, पाणी तसंच जात राहिलं. माझ्या ओठांवर उत्तर होतं, मी मुश्किलीनं गप्प बसले. चाळीस मिनिटांनी एक साडेचार वर्षांची मुलगी वरच्या शेतातून चपलेला चिकटलेला काळ्या मातीचा गोळा काढून वैतागून बांधावर फेकते, आणि तिथली गळती थांबते. ती बघत राहिली. मग दुसरी चप्पल काढली. दहा मिनिटांत सगळ्यांच्या हातांत काळी माती होती आणि पाणी तुंबलं होतं. मुरूम पाणी सोडतो, काळी माती फुगते आणि धरून ठेवते, हे सोलापूरच्या शेतकऱ्याचं रोजचं ज्ञान त्यांच्या बोटांना कळलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं.

तेव्हा ताईचं काम: मूल काय बघतंय त्याच्या शेजारी बसायचं, त्याच्याच उंचीवर. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाव माहीत असेल तर सांगायचं. एखादी वस्तू हळूच जवळ सरकवायची, बादली, सुतळी, भिंग. भांडण मारामारीपर्यंत जाईपर्यंत मधे पडायचं नाही. झाडावर चढणाऱ्या मुलाला वर उचलून ठेवायचं नाही: जितकं स्वतः चढता येतं तितकंच तो चढेल आणि तितक्यावरून उतरूही शकेल. आम्ही मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंची ही मर्यादा ठेवलीय. 'पडशील' म्हणण्याऐवजी 'पाय कुठं ठेवणारेस?' विचारा, मूल खाली बघतं.

काही मुलं महिना-महिना सतरंजीवरून उठत नाहीत. एक मुलगा जुलैभर मांडी घालून आजीच्या पदराला धरून बसलेला. आम्ही त्याला एकदाही ओढलं नाही. ऑगस्टात एक वाणी किडा त्याच्या सतरंजीवर चढला, त्यानं तो बोटावर घेतला, किड्यानं वेटोळं केलं, आणि तो किडा सोडायला म्हणून तो पहिल्यांदा गवतात गेला. किडे हाताळण्याबद्दल आमचा नियम असा: बघायचं, उघड्या तळहातावर चढला तर चढू द्यायचा, चिमटीत धरायचं नाही, आणि जिथून घेतला तिथंच सोडायचा. सुरवंटाला हात नाही.

फार लहान वस्तूंबद्दल सावध राहा. आवळ्यापेक्षा लहान काहीही तीन वर्षांच्या मुलांच्या खेळात नको. आमच्याकडं एकदा एका मुलीनं चिंचोका नाकात घातला. अशा वेळी काडी, चिमटा घालून काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो. मुलाला तोंडानं श्वास घ्यायला सांगून सरळ डॉक्टरकडं न्या.

धोके, नावानिशी

झाडं आधी. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, कुंपणाला असतो आणि त्याच्या बिया मुलांना शेंगदाण्यासारख्या लागतात. खाल्ल्या की उलट्या-जुलाब सुरू होतात. साधा एरंड, धोतरा, पिवळी आणि तांबडी कण्हेर, गुंज ही सगळी विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरला दाखवा. गाजर गवतानं काहींच्या अंगाला खाज येते, ते आधीच उपटून टाका, हातमोजे घालून. मुलांना एकच वाक्य शिकवा: 'ताईला दाखवल्याशिवाय तोंडात नाही.' बोर असो की चिंच, हा नियम सगळ्याला. मुलानं काही विषारी खाल्लंय असं वाटलं तर ओकारी काढायला लावू नका, ते झाड किंवा बी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

ऊन. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी दोन घोट, तहान लागली म्हणायची वाट बघायची नाही, खेळात मूल सांगत नाही. मूल चिडचिडं झालं, सुस्तावलं, डोकं दुखतंय म्हणालं की सावली, ओला पंचा, ओआरएस. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंग तापलेलं आणि मूल गोंधळलेलं किंवा ग्लानीत असेल तर तो उष्माघात आहे. अशा मुलाला तोंडानं पाणी पाजत बसू नका, ठसका लागतो. अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ बोलवा.

विंचू. दगड, लाकडाच्या ढिगाखाली असतो. लाल विंचू लहान मुलांना फार धोकादायक. दंशानंतर नुसतं दुखणं वेगळं, पण भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर एक मिनिट घालवू नका. आणि लक्षणं दिसेपर्यंतही थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा रुग्णांचे प्राण वाचतात हे दाखवून दिलं, पण त्यासाठी मूल वेळेत पोचावं लागतं. सापाचंही तेच: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, मुलाला चालू न देता, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात. त्याची वाट वर्ग सुरू करण्याआधी एकदा गाडीनं जाऊन बघून ठेवा, किती मिनिटं लागतात ते लिहा.

मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून, मुलं उचलून, गाडीत किंवा खोलीत पळा. एखादी चावली तर नांगी नखानं खरवडून लगेच काढा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तातडीनं दवाखाना. कुत्र्यानं नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

विजा. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात इथं कडकडाट फार. गडगडाट ऐकू आला की वर्ग संपला, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही. वर पाऊस असेल तर नालीतही नाही.

खाऊ आणि शी-शू

घरून आणलेला, हातात धरून खाता येणारा खाऊ: धपाटे, गूळ-तूप-भाकरी, केळं, राजगिऱ्याची वडी. ज्यांना चालतात त्यांनाही चार वर्षांखाली अख्खे शेंगदाणे नकोत, कूट किंवा लाडू चालेल. पळता पळता खायचं नाही, बसूनच. हुरडा भाजायचा दिवस असेल तर शेकोटीपासून चार हात अंतरावर राखेनं गोल आखा, आत फक्त मोठी माणसं.

शू-शीसाठी दोन बांबूंना जुनी साडी गुंडाळून आडोसा करतो, आत वीतभर खड्डा, शेजारी मातीची बादली आणि डबा. मुलाला मावशी नेते, ताई बाहेरून दिसेल अशी उभी असते. जाताना खड्डा बुजवायचा. हात साबणानं, खाण्याआधी आणि नंतरही.

वही

मुलं गेल्यावर दहा मिनिटं बसून लिहिते, घरी जाऊन नाही, तोवर विसरतं. कोण काय करत होतं, कोण कुणासोबत, कुणी कोणता शब्द पहिल्यांदा उच्चारला, कुठं खरचटलं, पाणी किती उरलं. रोज दोनच मुलांबद्दल सविस्तर लिहायचं, म्हणजे महिनाभरात सगळ्यांचा नंबर लागतो. पालकांना वर्षातून दोनदा हेच वाचून दाखवते, गुण नाहीत, शेरे नाहीत. एका वडिलांना मी वाचून दाखवलं की त्यांची मुलगी सलग सहा दिवस त्याच एका मुंगळ्यांच्या बिळापाशी बसत होती, सातव्या दिवशी तिनं बिळाच्या तोंडाशी भाकरीचा तुकडा ठेवला आणि तो आत जाईपर्यंत उठली नाही. ते यंत्रमागावर रात्रपाळी करतात. पुढच्या बुधवारी पाळी संपवून ते घरी न जाता सरळ माळावर आले, आणि बीळ कुठंय ते तिनं त्यांना हाताला धरून दाखवलं.